वाडींतील भाजीपाल्याचा मुहूर्त : झाडीपट्टीच्या एका अलिखित पंचांगाचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मारक-पुस्तिकेंत इमारती, घंटा, वेद्या व धर्मगुरूंच्या नेमणुका यांचा इतिहास येतो, आणि तो यावयास पाहिजेच. परंतु ज्या कुटुंबांच्या कष्टांवर ख्रिस्तमंदिर उभें राहतें, त्या कुटुंबांच्या चुलीलाही इतिहास असतो. तो कोणी शिलेवर कोरीत नाहीं, म्हणून तो लवकर पुसला जातो. त्या इतिहासांतील एक लहानसें प्रकरण वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. प्रश्न दिसावयास साधा आहे : आपल्या आरमोरीच्या प्रदेशांत कोणती भाजी केव्हां लावावी ?

पूर्वीं हा प्रश्न कोणी विचारीत नसे. घरांतील वडील बाईला त्याचें उत्तर ठाऊक असे व तिच्यापासून तें सुनेकडे जाई. आज तो विचारावा लागतो. कारण बीं पाकिटांतून येतें, पाकिटावर छापलेला महिना दूरच्या प्रांतांतला असतो, आणि मोबाइलवर दिसणारें वेळापत्रक कधीं कधीं दूरच्या देशांतलेंही असतें. वेळ चुकली तर बीं उगवत नाहीं. उगवलें तर फूल गळतें. फूल टिकलें तर फळ कीड खाते. ज्या घरांत भाजी विकत घेण्यास पैसा आहे तेथें हें नुकसान थोडें आहे. ज्या घरांत तो नाहीं तेथें मुलाच्या ताटांत भात व मिरची एवढेंच उरतें. सबब हा विषय केवळ बागेच्या हौसेचा नव्हे.

प्रथम आपली भूमि पाहूं. आरमोरी हें गांव वैनगंगेच्या डाव्या तीरानजीक, कर्कवृत्ताच्या सुमारें तीन अंश दक्षिणेस आहे. हा मुलूख आधीं चांद्याच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५३ सालीं तिसरे रघूजी निवर्तल्यावर नागपूरचें राज्य खालसा झालें व तो इंग्रजांकडे गेला. आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून तो गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. राज्यें बदललीं, ऋतूंचा क्रम मात्र तोच राहिला. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. जूनच्या मध्याच्या सुमारास पाऊस येतो, आणि वर्षाचा पन्नास इंचांहून अधिक पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो. पुढें चार महिने कोरडी, सौम्य थंडी असते. सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून किंचित् कमी असतो. उष्मा, ओल आणि दिवसाची लांबी या तीन गोष्टींवर प्रत्येक भाजीचा काळ ठरतो. बाकीचें सर्व त्यांतून निघतें.

हा काळ मोजण्याचें आपल्या पूर्वजांचें साधन म्हणजे सूर्याचीं नक्षत्रें. एकेका नक्षत्रांत सूर्य तेरा-चौदा दिवस राहतो. रोहिणी सुमारें २५ मेला लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. पुढें पुनर्वसु व पुष्य, ज्यांच्या पावसास लोक ‘तरणा’ व ‘म्हातारा’ म्हणतात. मग आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा. २६-२७ सप्टेंबरला हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. आणि ऑक्टोबरांत चित्रा व स्वाती. चांद्राच्या महिन्यांत अधिक मास येऊन तिथि मागेंपुढें होतात, पण सौर नक्षत्र वर्षानुवर्षें त्याच दिवसांत येतें. म्हणून सण तिथीनें पाळणारा शेतकरी पेरणी मात्र नक्षत्रानें करी. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

तथापि नक्षत्रांचेंही घड्याळ अगदीं अचूक नाहीं. पृथ्वीच्या अक्षाच्या मंद भ्रमणामुळें नक्षत्रांचा काळ ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. सहाव्या शतकांत वराहमिहिराच्या वेळीं सूर्य मृगांत शिरे तो दिवस ऋतुमानानें आजच्यापेक्षां सुमारें तीन आठवडे आधीं येत असे. तेव्हां ‘मृगाचा पाऊस’ ही आपली कल्पना अनादि नव्हे. मागील कांहीं शतकांतील शेतकऱ्यांनीं आकाशाकडे व जमिनीकडे एकदम पाहून ती बसविलेली आहे. अशाच सरकण्यामुळें पोप तेरावे ग्रेगरी यांस पंचांग सुधारावें लागलें. १५८२ सालीं ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यांत आला. या सुधारणेच्या कामांत येशूसंघाचे गणिती फादर क्लाव्हिउस यांचा मोठा भाग होता. पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातापासून दूर जाऊं लागला, तेव्हां ख्रिस्तसभेनें जुन्या आंकड्यापेक्षां प्रत्यक्ष सूर्यास मान दिला. पेरणीच्या बाबतींतही हाच न्याय लागू आहे.

उपासनेच्या वर्षांतही शेतीचे ठसे आहेत, आणि ते परक्या हवामानाचे आहेत. पांचव्या शतकांत गॉल देशांतील व्हिएन नगराचे बिशप मामेर्तुस यांनीं स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीं तीन दिवस उपवास व मिरवणुकींनीं याचना करण्याची चाल पाडली. पुढें या दिवसांत शेतांतून फिरून पिकांसाठीं प्रार्थना होऊं लागली. त्या देशांत त्या वेळीं शेतें हिरवीं असतात. आपल्याकडे त्या वेळीं बांध्या भेगाळलेल्या असतात आणि तळ्यांच्या तळाचा चिखल वाळलेला असतो. ८ सप्टेंबरच्या मरियामातेच्या जन्मोत्सवीं मंगळुराकडे नव्या कणसांस आशीर्वाद देतात. आपलें धान त्या वेळीं कापणीस आलेलें नसतें. १९६९ सालच्या नियमांनीं अशा याचनेच्या दिवसांची वेळ ठरविणें प्रत्येक देशाच्या बिशप-मंडळांवर सोपविलें, तें योग्यच झालें. १९६२ पासून चांद्याच्या या भागाची धुरा केरळांतून आलेल्या सीरो-मलबार धर्मगुरूंनीं वाहिली. त्यांच्या मायभूमींत ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पुन्हा पाऊस येतो, तर आपल्याकडे तेच दिवस आकाश निवळण्याचे. प्रार्थना सर्वत्र एकच असली तरी पेरणीचा दिवस गांवोगांव वेगळा असतो, असा याचा अर्थ आहे.

आतां आपल्या मुलखाच्या पंचांगाकडे वळूं. येथें भाजीचा काळ धानानें ठरविलेला आहे. झाडीपट्टीचें मुख्य पीक धान, आणि धानाचा प्राण तळें. वैनगंगेच्या खोऱ्यांतील कोहळी समाज तळीं बांधण्यांत व ऊंस पिकविण्यांत प्रसिद्ध होता. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांच्या या कौशल्याची नोंद केली आहे. जो तळें बांधील त्यास त्या पाण्यानें भिजणारी जमीन गोंड राजा बक्षीस देई, अशी चांद्याकडील परंपरा सांगते. तळीं व बोड्या यांमुळें धान शाश्वत झालें; पण त्याचबरोबर घरांतील सर्वांचे हात धानांत गुंतले. पऱ्हे टाकणें, चिखलणी, मग रोवणा, मग निंदण : आर्द्रेपासून आश्लेषेपर्यंत बाईमाणसास उसंत नाहीं. म्हणून पावसाळी भाजी रोवण्यापूर्वीं, म्हणजे रोहिणी-मृगांतच, घरामागच्या वाडींत लागली पाहिजे, आणि ती अशी पाहिजे कीं जिला पुढें फारशी निगा लागूं नये. आपल्या वाडीच्या कुंपणावर कारलें, दोडका, पडवळ, काकडी, कोहळें व वाल यांचे वेल कां दिसतात, याचें उत्तर यांत आहे. वेल लावतांना एकदां आळें करून शेणखत घातलें कीं बाकीचें काम पाऊस व कुंपण करतात.

अक्षय्यतृतीयेस आळीं करून वेलांच्या बिया टोचण्याची चाल महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं आहे. ज्याच्या घरीं विहिरीचें पाणी आहे त्यास ती सोयीची. मृगापर्यंत वेल हातभर होतो व पहिल्या पावसासरशीं धांवूं लागतो. पाणी नसेल त्यानें मात्र मृगाची एक चांगली सर पडून जमीन वीतभर भिजल्याखेरीज बीं टाकूं नये; तापल्या मातींत अर्धवट ओल मिळालेलें बीं फुगतें व करपतें. हळद, आलें व धोपा यांचे कंद रोहिणी-मृगाच्या संधींत लावावे. भेंडी, बरबटी, अंबाडी व तांदुळजा मृगांत पेरावीं. वांगीं व मिरची यांचें बीं मेअखेर किंवा मृगांत उंच वाफ्यावर टाकून पांच-सहा आठवड्यांनीं रोप लावावें. वाफा उंच कशाला, तर आर्द्रेच्या पावसांत सखल वाफ्यांतील रोप कुजतें. भेंडीस ऊब लागते. थंड मातींत तिचें बीं नीट उगवत नाहीं. याच्या उलट मेथी व सांबार यांचें बीं मेच्या तापांत उगवण्यास नाखूष असतें, आणि उगवलें तरी लवकर फुलावर येतें.

वालाची गोष्ट विशेष आहे. आपण ज्याच्या हिरव्या दाण्यांस पोपट म्हणतों, तो जुना वेलवाल दिवस लहान होऊं लागल्याखेरीज फुलत नाहीं. मृगांत लाविलेला वेल चार महिने नुसता पानांनीं भरतो. घरधनी कंटाळून तो उपटण्याच्या विचारांत असतो, तोंच दिवाळीच्या सुमारास तो फुलांनीं लगडतो व थंडीभर शेंगा देतो. तोच जुना वाल जानेवारींत लावला तर दिवस वाढत जातात आणि पानांपलीकडे कांहीं मिळत नाहीं. कांद्याचें याच्या उलट आहे. दिवस पुरेसा वाढूं लागला म्हणजे त्याचा गड्डा भरतो. म्हणून त्याचें रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरांत टाकून डिसेंबर-जानेवारींत लावतात व गड्डे उन्हाळ्याच्या तोंडीं काढतात. दिवसाची लांबी झाडास कळते, हें शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकांत सिद्ध केलें. आपल्या आजीबाईंनीं वालाचा काळ त्याच्या कितीतरी आधीं नेमून ठेवला होता.

या वाडींत मूळचे किती व पाहुणे किती, हेंही पाहण्यासारखें आहे. वांगें, कारलें, दोडका, पडवळ, धोपा हे या भूमीचे जुने रहिवासी. मिरची, भेद्रें, बटाटा, रताळें, मका व तांबडा भोपळा हीं अमेरिकेंतलीं. १४९२ पूर्वीं त्यांची ओळख या देशास नव्हती. १४९८ नंतर पोर्तुगीज गलबतांतून या वनस्पती आपल्या किनाऱ्यास लागूं लागल्या. बटाटा, कोबी, पपई, अननस हीं मराठी नांवें पोर्तुगीज शब्दांवरूनच आलीं आहेत. मिरची तर इतकी आपली झाली कीं आरमोरीहून नागपूरच्या वाटेवर लागणाऱ्या भिवापूरच्या मिरचीस आज भौगोलिक मानांकन आहे. वनस्पतींची ही विद्या संग्रहित करण्यांत धर्मसेवकांचाही वांटा होता. १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या आरंभींच्या कामीं कार्मेलाइट फादर मॅथ्यू यांनीं साहाय्य केलें होतें.

पाहुण्याला यजमानाच्या घरचा काळ शिकावा लागतो, याचें उत्तम उदाहरण फुलकोबी हें आहे. तिचें बीं १८२२ सालीं इंग्लंडांतून सहारणपूरच्या सरकारी बागेंत आलें असें सांगतात. ती थंड देशाची; उष्म्यांत तिचा गड्डा धरत नसे. परंतु जीं थोडीं झाडें उष्म्यांतही गड्डा धरीत, त्यांचेंच बीं उत्तर हिंदुस्थानांतील माळ्यांनीं वर्षानुवर्षें राखलें, आणि सुमारें शंभर वर्षांत फुलकोबीची एक देशी शाखा तयार झाली. ही शाखा पावसाळ्यांत लावून शरदांत काढतां येते. आज फुलकोबीच्या लवकरच्या, मधल्या व उशिराच्या अशा वेगवेगळ्या जाति आहेत. उशिराचें बीं जुलैंत किंवा लवकरचें बीं नोव्हेंबरांत टाकलें तर दोन्हीकडून निराशा होते. लवकरच्या जातीस उशीर झाला तर तिचा गड्डा बोराएवढाच राहून फुटतो. सारांश, ‘कोबी केव्हां लावावी’ हा प्रश्न अपुरा आहे; ‘कोणती कोबी’ हें आधीं विचारावें लागतें. पेरणीचा काळ मातींत असतो तसा बियांतही असतो.

हिंवाळी भाजीचा काळ हस्त सरल्यावर उघडतो. विल्यम केरी यांनीं १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यान मंडळ स्थापिलें. तेव्हांपासून साहेबांच्या बागांत विलायती बीं पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबराच्या सुमारास, टाकण्याचा प्रघात दृढ झाला. विलायतेंत जें वसंतांत पेरतात तें येथें शरदांत पेरावें लागे. आपल्याकडे चित्रा व स्वाती हा मुळा, मेथी, पालक, सांबार, गाजर व वाटाणा यांचा उत्तम काळ. भेद्र्याचें रोप सप्टेंबरांत टाकून ऑक्टोबरांत लावलें म्हणजे थंडींत फळ भरपूर बसतें. मार्चनंतर रात्रीही उष्मा राहूं लागला कीं फूल गळतें. येथेंही धान आडवें येतें : बांधी रिकामी होते ती नोव्हेंबरांत. म्हणून शेतकरी उभ्या धानांतच ऑक्टोबरांत लाखोळी फेकतो व धान कापल्यावर तिचे कोंवळे शेंडे खुडून भाजी करतो. न नांगरतां, न पाणी देतां मिळणारी ही भाजी म्हणजे बांधीच्या उरल्या ओलीचें दान आहे. उरलेली थंडीची भाजी तळ्याच्या किंवा विहिरीच्या काठीं, दोन-चार वाफ्यांत, घड्याच्या पाण्यावर होते.

तिसरा काळ नदीचा. पाणी उतरून वाळवंट उघडें पडलें कीं ढिवर बांधव वैनगंगेच्या पात्रांत डांगरवाड्या करतात. डिसेंबर-जानेवारींत वाळूंत खोल खड्डे ओलीपर्यंत खणून त्यांत शेणखत घालतात व टरबूज, डांगर, काकडी यांचें बीं लावतात. थंडींत बीं उगवावयास उशीर लागतो, म्हणून तें भिजवून, ओल्या फडक्यांत गुंडाळून, उबेंत ठेवून मोड आणण्याची रीत आहे. मार्चपासून मेपर्यंत, म्हणजे वाड्या ओसाड असतांना, हीं फळें बाजारांत येतात. आणि मृगापूर्वीं सर्व आटोपावें लागतें, कारण पुढें ती भूमि पुन्हा नदीची होते.

अशा रीतीनें वाडी, तळें व नदी यांनीं वर्ष वांटून घेतलें होतें. तरीही एक खिंड राही : जूनअखेर ते ऑगस्ट. जुनी भाजी संपलेली, वेलांस फळ नाहीं, कणगींत धान्य थोडें, आणि रोवण्याचे कष्ट सर्वांत मोठे. ही खिंड जंगल भरून काढी. तरोट्याचा कोंवळा पाला, वास्ते, सात्या व काटवलें हीं त्याच आठवड्यांत येतात. ज्यास आपण गरिबाची भाजी म्हणून हिणवतों तिनें अनेक घरांतील लेंकरें त्या दिवसांत तारलीं आहेत.

या व्यवस्थेला आतां चारी बाजूंनीं धक्के बसले आहेत. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी नष्ट झाली, तें न्यायाचेंच झालें. परंतु तळ्यांचा धनी गेला आणि पुष्कळ माजी मालगुजारी तळीं गाळानें भरत गेलीं. ज्या तळ्याचें पाणी फाल्गुनापर्यंत टिके तें आधींच आटलें, तर त्याच्या काठची हिंवाळी भाजीही गेली. वैनगंगेवर गोसेखुर्द धरण झाल्यापासून पात्रांतील पाण्याची चढउतार पावसाबरोबर धरणाच्या दारांवरही अवलंबून आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरांत नदीकांठचीं गांवें व पिकें बुडालीं, तें पूर्वा नक्षत्र होतें. हवामानखात्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या ठराविक तारखा नव्यानें ठरविल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बसविलेल्या होत्या. नव्या तारखांप्रमाणें देशाच्या बऱ्याच भागांत पाऊस पूर्वींपेक्षां उशिरां परततो. तेव्हां हस्त संपतांच मेथी टाकणाऱ्याचा वाफा परतीच्या सरींत दडपला जाण्याचें भय वाढलें आहे. आणि संकरित बियांचें फळ चांगलें असलें तरी त्याचें घरीं राखलेलें बीं पुढील वर्षीं तसेंच निघत नाहीं. म्हणजे माळ्यांनीं फुलकोबीच्या बाबतींत केलें तसें निवडीचें काम आपल्या हातून सुटत चाललें आहे.

मग करावें काय ? जुनें पंचांग टाकून द्यावें असें मुळींच नाहीं. तें तपासून वापरावें. पहिली गोष्ट, एकाच दिवशीं सर्व बीं टाकूं नये. निम्में मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसावर व निम्में दहा-बारा दिवसांनीं. तसेंच हिंवाळी पालेभाजीचे वाफे हस्ताच्या अखेरीपासून स्वातीपर्यंत तीन हप्त्यांनीं टाकावे. एक हप्ता बुडाला तरी घर उपाशी राहत नाहीं. दुसरी गोष्ट, वाल, दोडका, कारलें, कोहळें, बरबटी व अंबाडी यांचें देशी बीं प्रत्येक घरीं राखावें. पहिलें जोमदार फळ न तोडतां वेलावर पिकूं द्यावें, बीं सावलींत सुकवून राखेंत ठेवावें. तिसरी गोष्ट, पाकीट विकत घ्यावेंच लागलें तर त्यावरील महिन्यावर न विसंबतां जात कोणत्या हंगामाची आहे हें विचारावें; सिंदेवाहीचें संशोधन केंद्र व सोनापूरचें कृषि विज्ञान केंद्र हीं आपल्याच हवामानांत काम करणारीं आहेत. चौथी गोष्ट सर्वांत सोपी : भिंतीवरील दिनदर्शिकेंत, जेथें आपण सण व नामदिन पाहतों तेथेंच, काय पेरलें, कोणत्या दिवशीं, पाऊस किती झाला व पहिली भाजी केव्हां निघाली, एवढें लिहून ठेवावें. दहा वर्षांच्या दहा दिनदर्शिका जपून ठेवल्या तर आरमोरीच्या भाजीपाल्याचें पंचांग प्रथमच कागदावर येईल.

ज्या वृद्ध मातांना हें सर्व तोंडपाठ आहे त्या आज आपल्यांत आहेत. पुढील ज्युबिलीस त्यांतील किती असतील हें सांगवत नाहीं. तरुणांनीं या मृगापूर्वीं त्यांच्याजवळ बसून कोणतें बीं केव्हां व कसें लावावें हें विचारून लिहून घ्यावें, आणि मूठभर बींही मागून घ्यावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.